हापूसच्या रंगाची वेबसाइट, पण वाचता येणारी

रंगसंगती सुचवणारं कुठलंही साधन उघडा, पडद्यावर पाच उभ्या पट्ट्या येतात. पाचही सारख्या रुंदीच्या, एकमेकींना चिकटलेल्या. बघायला छान वाटतात आणि तिथेच फसगत होते, कारण वेबसाइट कधीच पाच सारख्या पट्ट्यांची नसते. बरीचशी जागा पार्श्वभूमी खाते, तिच्यावर बारीक अक्षरं असतात, आणि ज्या रंगावर आपला जीव जडलेला असतो तो एखाद्या बटणापुरता उरतो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी उजळ-गडदाचं गणित लावायचं आणि रंगछटेचा विचार त्यानंतर करायचा. या कामासाठी चांगली साधनं फुकट मिळतात, फक्त ती वापरायचा क्रम उलटा करावा लागतो.

देवगडच्या बागायतदाराचं हापूस विकणारं ऑनलाइन दुकान, असं उदाहरण घेऊ. मुख्य रंग कुठला, यावर वाद होणारच नाही: पिकलेल्या फळाचा केशरी-पिवळा. हळद, झेंडू, भगवा, आंबा हे एकाच घराण्यातले रंग आपल्याकडे दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे असतात. पडद्यावर सांभाळायला सगळ्यांत अवघड तेच. आपला हापूस रंग आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत, २४५, १६३, ० धरू. हे तीन आकडे कुठल्याही पिकरमध्ये (रंग निवडायच्या साधनात) टाकले की हेक्स कोड समोर येतो.

पांढरी अक्षरं केशरीवर का बुडतात

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांतून बनतो, पण डोळ्याला तिन्ही सारखे उजळ वाटत नाहीत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातली तफावत, मोजण्याच्या सूत्रात हिरव्याचं वजन ०.७१५२, लालचं ०.२१२६ आणि निळ्याचं जेमतेम ०.०७२२ आहे. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे जवळपास सगळा उजेड त्यातच आला. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट १.०७ इतकाच भरतो, शुद्ध निळ्याचा ८.५९.

हा आकडा काढायची रीत सोपी आहे. दोन्ही रंगांच्या सापेक्ष उजेडात ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहानीने भागायचं. उत्तर १ ते २१ च्या मध्ये येतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतात. मोठ्या मजकुराला, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असेल तर साधारण १८.६६ पिक्सेलच्या वर, ३ पुरतात. २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून आयकॉन आणि फॉर्मच्या चौकटी यांनाही ३ ची अट लागू झाली. आकडा वर ढकलून पूर्ण करायची मुभा नाही. ४.४८ आला तर तो नापासच.

आता हापूस रंगाच्या बटणावर पांढरी अक्षरं ठेवून बघा. २.०७. लागतात त्याच्या निम्मेही नाहीत. अक्षरं ठळक करून, सावली देऊन हे सावरत नाही. त्याच बटणावर गडद तपकिरी अक्षरं (४३, २७, १४) ठेवली की आकडा थेट ८ वर जातो. केशरी बटणावर पांढरं लिहायची सवय सगळीकडे दिसते, पण या रंगावर गडद अक्षरंच लागतात. पर्याय नाही.

इथे एक जुनी अडचण आहे. बहुतेक पिकर एचएसएल पद्धतीने रंग दाखवतात: छटा, तीव्रता, उजळपणा. त्यात पिवळा आणि निळा दोघांचाही उजळपणा ५० टक्के लिहिलेला असतो, आणि वरच्या आकड्यांनुसार ते एकमेकांच्या जवळपासही नाहीत. म्हणजे ‘सगळ्या बटणांचा उजळपणा ५० ठेवला’ या वाक्याला एचएसएलमध्ये अर्थच उरत नाही. ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० साली ओकेलॅब ही रंगमापनाची पद्धत मांडली, आणि तिचं गोलाकार रूप म्हणजे ओकेएलसीएच. त्यात शुद्ध निळ्याचा उजळपणा सुमारे ०.४५ आणि शुद्ध पिवळ्याचा ०.९७ येतो. डोळ्याला जे दिसतं तेच आकड्यात उतरतं. क्रोम १११, फायरफॉक्स ११३ आणि सफारी १५.४ पासून हे रंग सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, थेट लिहिता येतात. पिकर निवडताना मी आधी हेच बघतो, की त्यात ओकेएलसीएचचे स्लायडर आहेत का.

फोटोतून रंग उचलताना

सुरुवात फळाच्या फोटोपासून करायची असेल तर अ‍ॅडोबी कलर सोयीचं आहे. वेबसाइटवर ‘एक्स्ट्रॅक्ट थीम’ या भागात फोटो टाकला की फोटोवर पाच गोल ठिपके येतात आणि खाली त्यांचे पाच रंग. ठिपके ओढून हलवता येतात, आणि ते हलवायलाच हवेत. साधन आपणहून जिथे ठिपका टाकतं तिथे बऱ्याचदा फळावरची चमक नाहीतर सावली असते. फळाच्या कडेपासून थोडं आत, जिथे उजेड सपाट पडलाय, तिथला रंग घ्या. एकाच ठिपक्यावर विसंबू नका. जेपेग फोटो जवळून पाहिला तर शेजारशेजारच्या पिक्सेलांचे रंग बरेच वेगळे असतात, त्यामुळे त्याच भागातले तीन-चार रंग घेऊन मधला ठरवा.

मोबाइलवर काढलेल्या फोटोची आणखी एक गंमत. अनेक नवे फोन डिस्प्ले पी३ या रुंद रंगपटात फोटो साठवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा एखाद्या छोट्या एडिटरमधून फिरताना त्या फोटोतलं कलर प्रोफाइल गळून पडलं, की तोच आंबा फिका, मळकट दिसू लागतो. रंग उचलण्याआधी फोटो प्रोफाइलसकट एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपटात बदलून घ्यावा. नाहीतर सगळी संगती त्या फिक्या रंगावर उभी राहते.

अ‍ॅडोबी कलरचं रंगचक्र हे चित्रकारांच्या लाल-पिवळ्या-निळ्या परंपरेतलं आहे, लालसमोर हिरवा. सीएसएसच्या एचएसएल चक्रात लालसमोर आकाशी निळसर रंग येतो. म्हणून एकाच रंगाचा ‘पूरक’ दोन साधनांत वेगवेगळा मिळतो. दोन्ही बरोबरच. पण एका साधनात सुरू केलेली संगती दुसऱ्यात पूर्ण करायला गेलात तर गोंधळ होईल. त्रिकोणी, पूरक, शेजारचे असे संगतीचे नियम मी फक्त कल्पना सुचण्यापुरते वापरतो. उजळ-गडदाबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि वाचता येणं सगळं त्यावरच ठरतं.

कूलर्स हे दुसरं लोकप्रिय साधन. स्पेसबार दाबला की नवी पाच रंगांची पट्टी, आवडलेल्या रंगावर कुलूप, पुन्हा स्पेसबार. आपल्या हापूस रंगावर कुलूप लावून दहा-पंधरा वेळा स्पेसबार दाबला की शेजारी काय शोभतं याचा अंदाज येतो. तेवढ्यावर थांबा. तिथली पट्टी जशीच्या तशी उचलून साइटवर लावली, तर बऱ्याचदा पाचही रंग मधल्या उजळपणाचे निघतात: पार्श्वभूमी होण्याइतका फिकट कुणी नाही, अक्षरं होण्याइतका गडद कुणी नाही.

रंगांना कामं वाटून देणं

पाच रंग नव्हे, सहा-सात कामं मोजायची. पान, मुख्य मजकूर, दुय्यम मजकूर, चौकटी, मुख्य बटण, लिंक, सूचना. प्रत्येक कामाला कुणाशी किती कॉन्ट्रास्ट लागतो हे आधी लिहून मग रंग भरायचे. हापूसच्या दुकानासाठी मी असं भरेन.

पानाचा रंग २५५, २४८, २३६. शुभ्र पांढऱ्यापेक्षा किंचित मलईसारखा, म्हणजे केशरी बटण त्यावर बोचत नाही. मुख्य मजकूर तोच गडद तपकिरी ४३, २७, १४. दोघांत १५.७ भरतात. शुद्ध काळ्याची गरज नाही.

दुय्यम मजकूर, म्हणजे ‘एक पेटी, ४ डझन’ किंवा ‘पोचायला ३ दिवस’ अशा ओळी, इथे नेहमीचा सापळा आहे. ११८, ११८, ११८ हा राखाडी पांढऱ्यावर ४.५४ देतो, म्हणून पुष्कळ टेम्प्लेटमध्ये तो ‘सगळ्यांत फिकट चालणारा राखाडी’ म्हणून ठरलेला असतो. आपलं पान पांढरं नाही, मलई आहे. त्यावर तोच राखाडी ४.३० वर येतो आणि नापास होतो. पार्श्वभूमी जराशी बदलली तरी राखाडी नव्याने मोजावाच लागतो. १०७, ९६, ८४ हा उबदार राखाडी मलईवर ५.८ देतो आणि तपकिरी मजकुराच्या घरातलाही वाटतो.

फॉर्मच्या चौकटींना १३८, १२३, १०४ दिला तर ३.९ मिळतात. ३ ची अट पार. फॉर्मच्या चौकटी अगदी पुसट ठेवायची फॅशन आहे, पण पिनकोड कुठे टाकायचा हेच ज्याला दिसत नाही तो ऑर्डर अर्धवट सोडून जातो.

बटण हापूस रंगाचं, अक्षरं तपकिरी. इथे एक बारकावा. केशरी बटण आणि मलई पान यांच्यात १.९७ च आहेत. तरी हे बटण नियमात बसतं, कारण ‘पेटी मागवा’ ही अक्षरं स्वतः ८ च्या कॉन्ट्रास्टने वाचता येतात, बटणाच्या कडेवर काही अवलंबून नाही. त्याच केशरीत पंचतारांकित रेटिंगचे तारे काढले तर मात्र ते नापास, कारण तिथे आकार हाच मजकूर आहे. ताऱ्यांना तपकिरी कडा द्या किंवा शेजारी ‘४.६’ असं लिहा.

लिंकसाठी पुष्कळ जण मुख्य रंगच गडद करून वापरतात. केशरी गडद केला की तो तपकिरी होतो, हा या रंगाचा स्वभाव. १५४, ७९, ० पर्यंत खाली आणला तेव्हा मलईवर ५.७ मिळाले, पण तो आता आंबा उरत नाही आणि तपकिरी मजकुरात मिसळून जातो. त्यापेक्षा आंब्याच्या पानाचा हिरवा घ्यावा: ३१, १०७, ५८. मलईवर ६.२, आणि या रंगाच्या बटणावर पांढरी अक्षरं ठेवली तरी ६.५. लिंकची खालची रेघ काढू नका मात्र. लिंक फक्त रंगाने ओळखायची असेल तर भोवतीच्या मजकुराशीही तिचा ३ चा फरक लागतो, आणि या हिरव्याचा आपल्या तपकिरीशी २.५५ च आहे. रेघ ठेवली की प्रश्न मिटतो.

ही कामं वाटून झाली की रिअलटाइम कलर्स हे साधन उघडावं. पाच पट्ट्यांऐवजी ते एक अख्खं नमुना पान दाखवतं, आणि मजकूर, पार्श्वभूमी, प्राथमिक, दुय्यम, ठसठशीत असे पाच रंग खालच्या पट्टीतून बदलले की सगळं पान तिथल्या तिथे बदलतं. कुठला रंग किती जागा घेतो हे पट्ट्यांमध्ये कळत नाही, इथे कळतं. तुमचा लाडका केशरी अख्ख्या पानावर तीनच ठिकाणी आला तरी पुरतो, हे इथे पाहिल्याशिवाय पटत नाही. नमुना मजकूर इंग्रजी असतो, त्यामुळे अंतिम निकाल मात्र इथे लावायचा नाही.

देवनागरीचा वेगळा हिशेब

कॉन्ट्रास्टच्या सूत्राला लिपी कळत नाही आणि अक्षराची जाडीही कळत नाही. १६ पिक्सेलमधला ‘a’ सारखा मोकळा इंग्रजी आकार आणि त्याच मापातलं ‘ष्ट्य’ हे जोडाक्षर, दोघांनाही तोच ४.५. प्रत्यक्षात देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषा, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं मावायचं असतं, त्यामुळे रेघा बारीक होतात. कमी कॉन्ट्रास्टमध्ये आधी अनुस्वार जातो, मग मात्रा. ‘आंबा’ चा ‘आबा’ होतो. म्हणून मराठी मजकुरासाठी मी ४.५ ला तळ मानत नाही. दुय्यम ओळींनाही ५.५ च्या वर ठेवतो आणि मुख्य मजकुराला ७ च्या बराच वर. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी या फॉन्टचं ‘लाइट’ वजन राखाडीत वापरू नये. नेहमीचं ४०० वजन आणि १७-१८ पिक्सेल घेतले तर तोच रंग जास्त गडद वाटतो.

एपीसीए नावाची नवी मोजपद्धत अक्षराचा आकार आणि जाडी हिशेबात धरते. तिच्या मार्गदर्शनात सलग वाचायच्या मजकुरासाठी एलसी (तिचं कॉन्ट्रास्टचं माप) ७५ हा तळ आणि ९० हे चांगलं मानलं जातं. नियमपालन दाखवायचं असेल तर अजून डब्ल्यूसीएजीचाच आकडा द्यावा लागतो, पण दोन रंगांत अडकलात तर एपीसीएचं उत्तर डोळ्याच्या जवळचं असतं, विशेषतः गडद पार्श्वभूमीवर.

ब्राउझरमध्येच रंग दुरुस्त करणं

तयार साइटचे रंग सुधारायचे असतील तर वेगळ्या साधनाकडे जायचीही गरज नाही. क्रोममध्ये मजकुरावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ घ्या, डेव्हलपर टूल्स उघडतात. उजवीकडे ‘स्टाइल्स’मध्ये अक्षरांच्या रंगाशेजारी एक छोटा चौकोन असतो. त्यावर क्लिक केलं की पिकर उघडतो आणि त्यात ‘कॉन्ट्रास्ट रेशो’ची ओळ दिसते. ती ओळ उघडली की रंगाच्या चौकोनावर वक्र रेषा उमटतात, एक एए ची, एक एएए या त्याहून कडक पातळीची. ठिपका रेषेच्या योग्य बाजूला ओढत न्या, अक्षरं पानावर तिथल्या तिथे बदलत जातात. किती थोडं सरकवलं तरी पुरतं हे बघून बरेचदा आश्चर्य वाटतं.

ही ओळ दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. कारण साधारण दोन. एक, तुम्ही पार्श्वभूमीच्या रंगाचा चौकोन उघडलाय. ही ओळ फक्त अक्षरांच्या रंगाला येते. दोन, मागे फोटो किंवा ग्रेडियंट आहे आणि ब्राउझरला नेमका कुठल्या रंगाशी मोजायचं ते ठरवता येत नाही.

फोटोवरच्या मजकुराचं उत्तर मात्र गणितात आहे. आमराईच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत मथळा ठेवायचा असेल तर मध्ये काळा पारदर्शक थर घालतात. सगळ्यांत वाईट प्रसंग म्हणजे फोटोचा तो भाग पूर्ण पांढरा असणं. ५० टक्के काळ्या थराखाली पांढऱ्याचा जो राखाडी होतो त्यावर पांढरी अक्षरं ३.९८ देतात, म्हणजे नापास. ५४ टक्क्यांना ४.५ पार होतात. म्हणून थर ५५ टक्के ठेवला की फोटो कुठलाही बदलला तरी चिंता नाही.

पिकरमध्येच खाली रंगपट्ट्यांचा बाण आहे. त्यात ‘पेज कलर्स’ निवडलं की त्या पानावर वापरलेले सगळे रंग समोर येतात, आणि सीएसएस व्हेरिएबलसाठी, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या रंगांसाठी, वेगळी पट्टी असते. चौकोनावर शिफ्ट दाबून क्लिक केलं की तोच रंग हेक्स, आरजीबी, ओकेएलसीएच अशा निरनिराळ्या रूपांत बघता येतो. इथे केलेले बदल पान ताजं केलं की पुसले जातात, म्हणून आधी ‘चेंजेस’ पॅनेल उघडून बदललेल्या ओळी उतरवून घ्या.

छटांची उतरंड, म्हणजे एकाच हिरव्याच्या फिकटपासून गडदपर्यंत दहा-अकरा पायऱ्या, हाताने करू नये. अ‍ॅडोबीचं लिओनार्डो हे मुक्त साधन इथे उलट्या बाजूने चालतं: तुम्ही पार्श्वभूमी आणि हवे ते कॉन्ट्रास्ट आकडे देता, उदाहरणार्थ १.२, ३, ४.५, ७, आणि ते त्या आकड्यांवर बसणाऱ्या छटा काढून देतं. गूगलच्या मटेरियल थीम बिल्डरमध्ये प्रत्येक छटेला ० ते १०० असा टोन, म्हणजे उजळपणाचा आकडा, असतो, आणि दोन टोनांत ४० चं अंतर असेल तर ३ ची, ५० असेल तर ४.५ ची हमी मिळते. चाळीस-पन्नास हे दोन आकडे लक्षात ठेवले की जोड्या डोळे मिटून लावता येतात.

हापूसची उतरंड करताना ओकेएलसीएचचा पिकर घ्या. आपला रंग तिथे साधारण उजळपणा ०.७८, क्रोमा (रंगाची तीव्रता) ०.१७, छटा ७३ असा दिसेल. छटा तीच ठेवून फक्त उजळपणा उतरवला तर दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे गडद पायऱ्या शेवाळी होतात. त्यावर उपाय, खाली जाताना छटा हळूहळू ५५-६० कडे, म्हणजे लालसर बाजूला न्यायची. दुसरी म्हणजे स्लायडरवर रिकामी जागा दिसू लागते. तिचा अर्थ तेवढा तीव्र रंग त्या उजळपणाला साध्या पडद्यावर बनतच नाही. तरी तो आकडा लिहिला तर ब्राउझर स्वतःच्या हिशेबाने जवळचा रंग दाखवतो आणि दोन पायऱ्या एकसारख्या दिसू लागतात. क्रोमा कमी करत रिकाम्या जागेच्या आत राहायचं.

लाल-हिरव्याची जोडी

‘उपलब्ध’ हिरव्यात आणि ‘संपले’ लाल रंगात लिहायचं ठरतंच. हिरवा आपला ३१, १०७, ५८ आणि लाल १७९, ३८, ३०. दोन्ही मलईवर ६ च्या वर, दोन्ही पास. पण या दोघांचा एकमेकांशी कॉन्ट्रास्ट मोजा. १ येतो. दोघांचा उजेड अगदी एकच आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना रंगांधळेपणा असतो आणि त्यात लाल-हिरव्याचा घोळ सगळ्यांत जास्त. त्यांना हे दोन ठिपके सारखेच मळकट दिसू शकतात.

क्रोमच्या ‘रेंडरिंग’ पॅनेलमध्ये ‘एम्युलेट व्हिजन डेफिशियन्सीज’ अशी निवड आहे. ड्यूटरनोपिया आणि प्रोटनोपिया हे लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणाचे दोन्ही प्रकार लावून बघा, मग अ‍ॅक्रोमॅटोप्सिया, म्हणजे पूर्ण राखाडी. त्या तिसऱ्यात हे दोन रंग ओळखता येणार नाहीत. नुसता रंगाचा ठिपका न ठेवता शब्द लिहा, आणि संपलेल्या पेटीला लाल भरीव पट्टीवर पांढरी अक्षरं तर उपलब्धला फक्त हिरवी अक्षरं असा आकारातला फरक करा. रंग बदलत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

डार्क मोड

गडद रूप म्हणजे सगळे रंग उलटे करणं नव्हे. पार्श्वभूमी २६, १९, १२ घेतली तर हापूस त्यावर ८.९ देतो, न बदलता चालतो. गंमत म्हणजे दिवसा ज्या केशरीने त्रास दिला तोच रात्री सगळ्यांत सोपा. हिरवा मात्र २.८ वर घसरतो, लिंक दिसेनाशा होतात. त्याची फिकट पायरी, १२४, १९९, १५०, घेतली की ९ च्या वर जातो. म्हणून व्हेरिएबलना ‘हिरवा’ किंवा ‘केशरी’ अशी नावं देऊ नका. ‘लिंक’, ‘बटण’, ‘पान’ अशी कामाची नावं द्या. नाहीतर डार्क मोडमध्ये ‘गडद-हिरवा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये फिकट हिरवा बसतो आणि पुढच्या माणसाचं डोकं फिरतं. डार्क मोड बघायला फोनची सेटिंग बदलायला नको, त्याच ‘रेंडरिंग’ पॅनेलमधून तो लावता येतो.

वर्डप्रेसमध्ये बसवताना

छोट्या मराठी दुकानांच्या पुष्कळ साइट वर्डप्रेसवर आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. ब्लॉक थीममध्ये रंग दोन ठिकाणी राहतात: थीमच्या थीम-डॉट-जेसन फाइलमध्ये, आणि साइट एडिटरच्या ‘स्टाइल्स’मधून केलेले बदल डेटाबेसमध्ये. डेटाबेसचा शब्द शेवटचा. फाइलमध्ये रंग बदलला, अपलोड केली, कॅशे उडवली, तरी साइट जुनीच दिसते, तेव्हा कारण बहुधा हेच. ‘स्टाइल्स’मध्ये जाऊन तो बदल मूळ स्थितीला आणला की फाइलमधला रंग दिसू लागतो.

पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाला एक स्लग, म्हणजे आतलं नाव, असतो. रंगाचा आकडा हवा तेव्हा बदला, सगळ्या जुन्या पानांवर तो बदलेल. स्लग बदलू नका. जुन्या पानांत त्या स्लगचाच क्लास लिहिलेला असतो, तो बदलला की तिथला रंगच गळून पडतो. आणि कुणी पॅलेट सोडून थेट पिकरमधून रंग लावला असेल तर तो त्या ब्लॉकमध्ये आकड्याच्या रूपात चिकटून बसतो, पॅलेट कितीही बदला, तो हलत नाही. साइटवर दोघा-तिघांचे हात असतील तर सेटिंगमध्ये ‘कस्टम’ रंग बंदच करून टाकावेत. सगळे पॅलेटमधूनच निवडतील.

हे सगळं झाल्यावर आणि नंतरही अधूनमधून क्रोमचं ‘सीएसएस ओव्हरव्ह्यू’ चालवा. डेव्हलपर टूल्सच्या तीन ठिपक्यांत ‘मोअर टूल्स’खाली ते सापडतं. ते पानावरचे सगळे रंग एका जागी मांडतं, अक्षरांचे वेगळे, पार्श्वभूमीचे वेगळे, चौकटींचे वेगळे, आणि कॉन्ट्रास्टमध्ये नापास जोड्या स्वतंत्र दाखवतं. ठरवलेल्या दोन राखाड्यांच्या जागी तिथे आठ-नऊ राखाडी दिसले तर प्लगिननी आपापले आणलेले असतात, बहुतेकदा चेकआउटच्या फॉर्ममध्ये आणि कुकीच्या पट्टीत. प्रत्येकावर क्लिक केलं की तो कुठल्या घटकाला लागलाय ते दिसतं. तिथे आपलं व्हेरिएबल बसवायचं, आणि चेकआउटच्या पानापासून सुरुवात करायची, कारण गिऱ्हाईक पत्ता आणि पैसे तिथे भरतं.